वाचकांचे प्रवासप्रश्न : मुक्काम आवारात की आवाराबाहेर?

उन्हाळ्याच्या सुट्टीची आखणी सुरू झाली की थीम पार्कच्या सहलींविषयीची पत्रे वाढू लागतात. या वेळच्या पत्रांतून तीन निवडली आहेत. तिघांनीही विचारलेला प्रश्न एकच आहे, तो म्हणजे पार्कच्या आवारातील महाग हॉटेल घ्यावे की बाहेर स्वस्तात राहावे. पण तिन्ही ठिकाणची जमीन, रस्ते आणि माणसे वेगळी असल्यामुळे उत्तरेही वेगळी द्यावी लागली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वय ६६ असून माझे यजमान ७१ वर्षांचे आहेत. मुलगी, जावई आणि ९ व ४ वर्षांची दोन नातवंडे न्यू जर्सीतील एडिसनला राहतात. जूनच्या अखेरीस आम्ही सहा जण विमानाने ओरलँडोला जाऊन पाच रात्री राहणार आहोत आणि डिस्ने वर्ल्डमधील तीन पार्क पाहणार आहोत. जावयांनी डिस्नेच्या आवाराबाहेर, किसिमी भागात तीन बेडरूमचे, स्वयंपाकघर असलेले घर पाहून ठेवले आहे. मुलीला मात्र डिस्नेच्या आवारातील हॉटेल हवे आहे, पण त्याचे भाडे जवळपास दुप्पट आहे. आमच्या शेजाऱ्यांचे म्हणणे असे की, कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडला ते रस्त्यापलीकडच्या साध्या मोटेलमध्ये राहिले आणि रोज चालत पार्कमध्ये गेले, तेव्हा तुम्हीही उगाच पैसे घालवू नका. आम्ही शाकाहारी आहोत आणि यजमानांना गुडघेदुखीचा त्रास आहे. काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुमच्या शेजाऱ्यांनी सांगितले ते कॅलिफोर्नियापुरते अगदी खरे आहे, आणि फ्लोरिडाला ते लागू पडत नाही. यामागे जमिनीचा इतिहास आहे आणि तो समजला की तुमचा निम्मा प्रश्न सुटेल, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ च्या जुलैमध्ये डिस्नेलँड उघडले तेव्हा त्यांच्या हाती सुमारे १६० एकर जमीन होती आणि सगळा पैसा पार्कमध्येच गुंतला होता. शेजारचे डिस्नेलँड हॉटेलसुद्धा त्यांनी स्वतः बांधले नाही. ते जॅक रॅथर या दुसऱ्या उद्योजकाने उभारले आणि डिस्ने कंपनीच्या मालकीचे व्हायला १९८८ साल उजाडावे लागले. पार्क चालू लागताच भोवतालच्या जमिनींवर मोटेलांची दाटी झाली. त्यामुळे आजही पार्कलगतच्या हार्बर बुलव्हार्ड या रस्त्यावरील कितीतरी साध्या मोटेलांतून पाच-दहा मिनिटांत प्रवेशद्वार गाठता येते, आणि त्यांतली काही मोटेले डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलपेक्षाही दाराला जवळ आहेत. ग्रँड कॅलिफोर्नियन या हॉटेलातून थेट शेजारच्या पार्कमध्ये उघडणारे दार आहे, तेवढा एक अपवाद सोडला तर ॲनाहाइमला बाहेर राहणाऱ्याचे फारसे काही बिघडत नाही.

भोवतालच्या जमिनीचा लाभ दुसरेच घेऊन गेले, ही गोष्ट वॉल्ट डिस्ने यांच्या मनाला लागली होती. म्हणून साठच्या दशकात फ्लोरिडात त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने, गाजावाजा न करता, सुमारे २७ हजार एकर जमीन मिळवली आणि १९६५ मध्ये योजना जाहीर केली. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये डिस्ने वर्ल्ड उघडले तेव्हा कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन ही दोन हॉटेले पहिल्या दिवसापासून आवारातच होती. आज त्या आवारात मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम असे चार थीम पार्क, दोन वॉटर पार्क आणि वीसहून अधिक हॉटेले आहेत, आणि त्यांच्यामध्ये मैलोन्‌मैल जंगल व पाणी राखलेले आहे. थोडक्यात, येथे ‘रस्त्यापलीकडे’ असे काही नाहीच. बाहेरचा माणूस बाहेर राहावा अशीच ती रचना आहे आणि त्याची किंमत तो भाड्यात नव्हे, तर वेळेत मोजतो.

आता तुमच्या कुटुंबाकडे वळतो. अशा सहलीचा हिशेब करताना आपण रात्रीचे भाडे धरतो, आणि मला वाटते तेथेच चूक होते. रात्री झोपायला कोणतीही स्वच्छ खोली चालते. खरा प्रश्न दुपारचा असतो. जूनअखेरीस ओरलँडोत पारा ३२-३३ अंशांपर्यंत चढतो, हवा आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखी दमट असते आणि दुपारनंतर बहुतेक दिवशी विजांसह पाऊस कोसळतो. सकाळी लवकर निघालेले चार वर्षांचे मूल आणि सत्तरी ओलांडलेले आजोबा दीड-दोनच्या सुमारास एकाच वेळी थकतात. पार्क मात्र रात्रीपर्यंत चालू असतो, आणि मॅजिक किंगडमची आतषबाजी तर अंधार पडल्यानंतरच होते. जूनमध्ये तेथे अंधार उशिरा पडतो. म्हणजे सकाळ आणि रात्र दोन्ही हवी असेल तर मध्ये वामकुक्षी हवीच. ती कोठे घेणार, याचे उत्तर मिळाले की हॉटेलचेही उत्तर मिळते.

मी हे पुस्तकी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन गेलो असताना आम्ही आवाराबाहेरचे एक हॉटेल घेतले होते, कारण त्याच्या जाहिरातीत पार्कपर्यंत मोफत गाडी असल्याचे लिहिले होते. तेथे गेल्यावर कळले की गाडी सकाळी दोनदा जाते आणि रात्री दोनदा परत येते, शिवाय ती वाटेत आणखी तीन हॉटेलांची माणसे घेते. दुपारी आईला चक्कर आल्यासारखे वाटू लागले, तेव्हा तिला एका वातानुकूलित उपाहारगृहाच्या कोपऱ्यात चार तास बसवून ठेवण्यावाचून माझ्यापुढे मार्ग उरला नाही. ती एका शब्दाने बोलली नाही. पण तिचा तो दिवस मी वाया घालवला याची खंत मला अजून आहे. म्हणून कोणत्याही हॉटेलने ‘मोफत शटल’ म्हटले असेल तर दिवसातून किती फेऱ्या, दुपारी आहेत का आणि गाडी नेमकी कोठे सोडते, हे तीन प्रश्न लेखी विचारून घ्या.

गाडी कोठे सोडते हा तिसरा प्रश्न मॅजिक किंगडमसाठी विशेष महत्त्वाचा आहे. या पार्कच्या दारापाशी गाड्यांचा तळ नाही. खासगी गाडी, टॅक्सी किंवा बाहेरच्या हॉटेलची शटल सरोवराच्या अलीकडच्या काठावरील वाहतूक केंद्रापाशी थांबते. तेथून मोनोरेलने किंवा फेरीबोटीने सरोवर ओलांडून पलीकडे जावे लागते. डिस्नेच्या हॉटेलांच्या बस मात्र थेट प्रवेशद्वाराजवळ सोडतात. किसिमीच्या घरातून निघणे, वाहनतळ शोधणे, तेथून केंद्रापर्यंत येणे, सुरक्षा तपासणी आणि मग बोट किंवा मोनोरेल हे सगळे धरले तर एका बाजूला तासाभराहून अधिक वेळ सहज जातो. दुपारी परत येऊन पुन्हा संध्याकाळी जायचे म्हटले तर हा द्राविडी प्राणायाम दिवसातून चार वेळा करावा लागेल, आणि गुडघे दुखणारा माणूस दुसऱ्या दिवशी ‘तुम्ही जा, मी घरी थांबतो’ असे म्हणेल. आजोबांना घरी बसवून वाचवलेल्या पैशाला मी बचत म्हणणार नाही.

आता जावयांची बाजूही नीट पाहायला हवी, कारण तिच्यात तथ्य आहे. सहा माणसांना तीन स्वतंत्र बेडरूम, धुलाई यंत्र आणि पूर्ण स्वयंपाकघर मिळणे ही लहान गोष्ट नाही. रोज सकाळी पोहे किंवा उपमा करून निघावे, रात्री आल्यावर मुगाची खिचडी टाकावी, हे शाकाहारी कुटुंबाला पाच दिवसांत फार सुखाचे वाटते. डिस्नेच्या साध्या खोलीत लहान फ्रिज असतो, स्वयंपाक करता येत नाही. मात्र भाड्यांची तुलना करताना घराच्या जाहिरातीतील आकड्यावर थांबू नका. त्यावर साफसफाईचे शुल्क असते, कर असतो, सहा जणांसाठी मोठी गाडी पाच दिवस भाड्याने घ्यावी लागते, पेट्रोल लागते आणि पार्कच्या वाहनतळाचे रोज वेगळे पैसे द्यावे लागतात. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कमधील आणि हॉटेलमधील दोन्ही वाहनतळ मोफत आहेत. मुळात त्यांना गाडीच लागत नाही. गाडी घेतलीच तर फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांपर्यंतच्या मुलासाठी सुरक्षा आसन सक्तीचे आहे, तेव्हा धाकट्या नातवंडाचे आसन एडिसनहून न्यावे किंवा तेथे भाड्याने घ्यावे लागेल. डिस्नेच्या बसमध्ये तो प्रश्न येत नाही. दुसरीकडे, विमानतळावरून डिस्नेच्या हॉटेलांपर्यंत पूर्वी जी मोफत बस असे ती जानेवारी २०२२ पासून बंद झाली आहे, म्हणून जाण्यायेण्याचे सहा जणांचे भाडे मुलीच्या हिशेबात धरायला हवे. दोन्ही बाजूंची अशी पूर्ण बेरीज केल्यावर ‘दुप्पट’ हा फरक बराच खाली येतो. तो नाहीसा होत नाही, हेही खरे.

घराऐवजी बाहेरचे हॉटेल पाहिलेत तर त्यात आणखी एक आकार दडलेला असतो. ओरलँडोतील अनेक हॉटेले खोलीभाड्याखेरीज रोजचे ‘रिसॉर्ट शुल्क’ घेतात. डिस्नेची स्वतःची हॉटेले ते घेत नाहीत. मे २०२५ पासून अमेरिकेत अशा सक्तीच्या शुल्कासह किंमत सुरुवातीलाच दाखवणे हॉटेलांना बंधनकारक झाले आहे, परंतु कर तरीही वेगळा लागतो आणि या भागात तो साडेबारा ते साडेतेरा टक्के आहे. वाहनतळाचे पैसेही अनेकदा शेवटच्या बिलातच दिसतात.

आवारात राहणाऱ्यांना ज्या सवलती मिळतात त्यांपैकी तुमच्या उपयोगाच्या मला दोन दिसतात. पहिली म्हणजे कोणत्याही थीम पार्कमध्ये रोज इतरांपेक्षा अर्धा तास आधी प्रवेश. अर्धा तास ऐकायला थोडा वाटतो. पण दिवसभर ज्या राइडसमोर तासाची रांग असते ती त्या वेळात जवळपास रांगेशिवाय करून घेता येते, आणि सकाळी उन्हाआधी झालेल्या दोन राइड दुपारी केलेल्या चारांपेक्षा बऱ्या. दुसरी सवलत ‘लायटनिंग लेन’ची आहे. जलद रांगेचा हा पास दोघांनाही विकतच घ्यावा लागतो, पण आवारातील पाहुण्यांना तो मुक्कामाच्या सात दिवस आधी निवडता येतो, तर इतरांना तीनच दिवस आधी, आणि तोवर लहान मुलांच्या आवडीच्या राइडच्या सोयीच्या वेळा निघून गेलेल्या असतात. उशिरा रात्रीपर्यंत पार्कमध्ये थांबण्याची सवलत फक्त सर्वांत महाग हॉटेलांच्या पाहुण्यांना, तीही ठरावीक रात्रींना मिळते. चार वर्षांच्या मुलासह तिचा उपयोग नाही, तेव्हा तिच्यासाठी पैसे देऊ नका.

माझा सल्ला मुलीच्या बाजूने आहे, पण तिने पाहिलेले हॉटेल कोणते हे तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून नावानिशी सांगतो. डिस्नेच्या स्वस्त गटातील ‘आर्ट ऑफ ॲनिमेशन’ या हॉटेलात सहा जणांसाठी कौटुंबिक ‘सूट’, म्हणजे मोठी दालने, आहेत. त्यांत दोन न्हाणीघरे, मायक्रोवेव्ह आणि फ्रिज असतो. भात आणि दूध गरम करण्याची सोय झाली की मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या, थालीपीठ आणि दशम्या यांवर आपली माणसे तीन दिवस आनंदाने काढतात. त्याच्या शेजारीच ‘पॉप सेंच्युरी’ आहे. तेथे प्रत्येकी चार जणांच्या दोन लागून खोल्या घेतल्या तर कित्येकदा त्या सूटपेक्षा स्वस्त पडतात, तेव्हा दोन्हींचे दर एकाच तारखांना पडताळून पाहा. लागून खोल्यांची विनंती मात्र आरक्षणाच्या वेळीच नोंदवावी लागते.

ही दोन हॉटेले सुचवण्याचे मुख्य कारण ‘स्कायलायनर’ हे आहे. २०१९ मध्ये सुरू झालेला हा रोपवे दोन्ही हॉटेलांमधील तळ्यावरून निघतो आणि एपकॉट व हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कना जोडतो. रायगडच्या रोपवेसारखी बंद डब्यात बसण्याची सोय आहे, चढावे लागत नाही, चाकांची खुर्ची आत नेता येते आणि दुपारी वाटेल तेव्हा परत येता येते. विजा चमकू लागल्या की तो थांबवतात. अशा वेळी बसने यावे. मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडमसाठी मात्र येथूनही बसच आहे. बजेटला परवडत असते तर कंटेम्पररी हे हॉटेल मी आधी सांगितले असते, कारण तेथून मॅजिक किंगडम दहा मिनिटांच्या चालीवर आहे. पण त्याचे भाडे सहा जणांच्या कुटुंबाला झेपणारे नाही आणि दोन रात्रींच्या हौसेसाठी ते घ्यावे असे मला वाटत नाही.

जावयांचा मान राखायचा असेल आणि खर्चही आवरायचा असेल तर पाच रात्रींची विभागणी करता येते. पार्कचे तीन दिवस लागोपाठ ठेवून त्यांच्यासाठी तीन रात्री आवारात राहा आणि उरलेल्या दोन रात्री स्वयंपाकघराच्या घरात विश्रांतीला घालवा. लहान मुलांसह मुक्काम हलवणे जिकिरीचे असते, म्हणून तो एकदाच हलवा. आणि आधी आवारात, नंतर घरात हाच क्रम ठेवा. थकवा शेवटी असतो आणि स्वयंपाकघराची गरजही शेवटीच लागते. गाडीसुद्धा मग पाचाऐवजी दोनच दिवस घ्यावी लागेल.

यजमानांसाठी चाकांची खुर्ची पार्कमध्ये दिवसाच्या भाड्याने मिळते, पण ती पार्कबाहेर नेता येत नाही आणि बसपर्यंतचे चालणे शिल्लक राहते. बाहेरच्या कंपन्या खुर्ची किंवा बॅटरीवरची स्कूटर मुक्कामभर भाड्याने देतात, ती घ्यावी. ‘मला कशाला खुर्ची’ असे ते म्हणतील. दिवसाकाठी आठ-दहा किलोमीटर चाल होते हे त्यांना आधीच सांगा. खाण्याविषयीची काळजी थोडी कमी करावी, कारण पार्कमध्ये घरचे खाद्यपदार्थ नेऊ देतात, फक्त काचेची बरणी चालत नाही, आणि खाद्यपदार्थांच्या काउंटरवर थंड पाण्याचा पेला मोफत मिळतो. पूर्ण वनस्पतिजन्य पदार्थांपुढे मेन्यूत पानाची खूण असते. एखाद्या संध्याकाळी ॲनिमल किंगडम लॉजमधील ‘सना’ या उपाहारगृहात जा. तेथे भारतीय वळणाचे नान आणि चटण्या मिळतात आणि खिडकीबाहेर जिराफ चरताना दिसतात. टेबल आधी राखून ठेवावे लागते; आवारातील पाहुण्यांना आगमनाच्या ६० दिवस आधी संपूर्ण मुक्कामाचे आरक्षण एकदम करता येते.

प्रश्न : आम्ही दोघे आणि १५ व १७ वर्षांची दोन मुले ऑक्टोबरमध्ये ओरलँडोला युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या थीम पार्कसाठी जाणार आहोत. डिस्नेला जायचे नाही. चार रात्रींचा मुक्काम आहे. मुले दमत नाहीत, दुपारी परत येण्याचा प्रश्न नाही. अशा वेळी आवाराबाहेर राहिलो तर चालेल ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वरच्या पत्राला दिलेली कारणे तुम्हाला लागू नाहीत, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. तरीही तुम्ही एक रात्र आवारात काढावी असे मी सुचवेन, आणि तेही तेथील सर्वांत महाग गटातल्या हॉटेलात. हे विसंगत वाटेल, म्हणून हिशेब समजावून सांगतो.

युनिव्हर्सलच्या आवारातील पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांच्या खोलीभाड्यातच खोलीतील प्रत्येकाला ‘एक्स्प्रेस अनलिमिटेड’ हा जलद रांगेचा पास मिळतो. युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या दोन जुन्या पार्कमध्ये तो चालतो. काही राइड त्यातून वगळलेल्या असतात. महत्त्वाची गोष्ट अशी की, हा पास हॉटेलात येण्याच्या आणि हॉटेल सोडण्याच्या अशा दोन्ही पूर्ण दिवसांसाठी असतो. म्हणजे एका रात्रीच्या भाड्यात चार जणांचे दोन दिवसांचे पास येतात. हेच पास सुटे विकत घेतले तर प्रत्येक माणसामागे आणि प्रत्येक दिवसामागे पैसे मोजावे लागतात, आणि गर्दीच्या तारखांना चार जणांच्या दोन दिवसांच्या पासांची किंमत त्या एका रात्रीच्या भाड्याच्या पुढे जाते. ऑक्टोबरमध्ये तेथे हॅलोविनची गर्दी असते, त्यामुळे तुमच्या बाबतीत हे गणित जुळण्याची शक्यता अधिक आहे. आरक्षणाच्या आधी तुमच्या नेमक्या तारखांचे दोन्ही आकडे समोर ठेवा. खोलीभाड्याने पास मिळतो, प्रवेशाचे तिकीट मिळत नाही. ते वेगळेच घ्यावे लागते.

त्या दिवशी सकाळीच हॉटेलात पोहोचा. खोली दुपारनंतर मिळेल, पण नोंदणी करून पास लगेच घेता येतात. सामान तेथेच ठेवा आणि पायवाटेने किंवा हॉटेलच्या बोटीने पार्कमध्ये जा. दुसऱ्या दिवशी खोली सोडून सामान पुन्हा ठेवायला द्या आणि पार्क बंद होईपर्यंत फिरा. उरलेल्या तीन रात्री ‘एंडलेस समर’ या स्वस्त हॉटेलांत काढल्या तरी चालतील. तीही युनिव्हर्सलचीच असल्यामुळे ठरलेल्या पार्कमध्ये लवकर प्रवेशाची सवलत आणि मोफत बस दोन्ही मिळतात. पूर्ण बाहेर राहायचे असल्यास इंटरनॅशनल ड्राइव्हवरील हॉटेले पाहा, मात्र युनिव्हर्सलच्या वाहनतळाचे पैसे हिशेबात धरा. डिस्नेत आवारातील पाहुण्यांना हॉटेलचा वाहनतळ फुकट असतो, तसा तो येथे नसतो, तेव्हा भाड्याची गाडी घेण्याची घाई करू नका.

एका गोष्टीबद्दल सावध करतो. २२ मे २०२५ रोजी उघडलेला ‘एपिक युनिव्हर्स’ हा नवा पार्क जुन्या दोन पार्कपासून काही किलोमीटर दूर, स्वतंत्र जागेत आहे आणि वरील तीन हॉटेलांचा मोफत पास तेथे चालत नाही. मुलांना मुख्यतः तोच पार्क पाहायचा असेल, आणि या वयाच्या मुलांच्या बाबतीत तसे असण्याचा संभव आहे, तर माझा वरचा हिशेब कोलमडतो. अशा वेळी महाग हॉटेलाचा विचार सोडून त्या पार्कजवळच्या स्टेला नोव्हा किंवा टेरा लुना या दोन हॉटेलांपैकी एकात चारही रात्री राहणे अधिक शहाणपणाचे ठरेल. आधी मुलांना विचारा, मग आरक्षण करा.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरहून खोपोलीच्या इमॅजिकाला जाणार आहोत. एक दिवस थीम पार्क आणि एक दिवस वॉटर पार्क करायचा आहे. मुले ७ आणि ११ वर्षांची आहेत. पार्कला लागून असलेले हॉटेल घ्यावे की लोणावळ्यात स्वस्त लॉज पाहावे? गाडी स्वतःची आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मुंबई-पुण्याच्या वाचकांना मी येथे मुक्कामच करू नका, सकाळी निघून रात्री परत या असे सांगतो. तुमचे अंतर एका बाजूला तीनशे किलोमीटरच्या पुढे आहे, म्हणून मुक्काम हवा. पण मला वाटते तुम्हाला शेजारच्या हॉटेलाची एकच रात्र पुरेल, दोन दिवसांच्या मधली.

इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले, पुढच्या वर्षी वॉटर पार्क उघडला, आणि नोव्होटेल हे हॉटेल त्यांच्या शेजारीच आहे. दोन्ही पार्क एकाच आवारात असल्यामुळे मधल्या रात्री तेथे राहिलात तर दुसऱ्या दिवशी गाडी काढण्याचेही कारण नाही. लोणावळा नकाशावर जवळ दिसते, परंतु मध्ये बोरघाट आहे. शनिवार-रविवारी आणि विशेषतः पावसाळ्यात त्या घाटात किती खोळंबा होतो हे त्या वाटेने गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. दिवसभर पाण्यात खेळून पेंगुळलेल्या मुलांना घेऊन संध्याकाळी घाट चढायचा आणि सकाळी पुन्हा उतरायचा, यासाठी वाचवलेले पैसे मला योग्य वाटत नाहीत. लॉजच घ्यायचे झाले तर घाटाखाली खोपोलीत घ्या. हॉटेल व प्रवेश यांचे एकत्रित पॅकेज निघालेले असेल तर त्याची किंमत सुट्या तिकिटांशी ताडून पाहा, आणि शक्य असेल तर शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी जा. खोलीभाडे आणि गर्दी दोन्ही कमी असतात.

पहिल्या रात्रीसाठी मात्र हॉटेल नकोच. कोल्हापूरहून आदल्या दिवशी दुपारी निघून पुण्यात नातेवाइकांकडे उतरावे, सकाळी न्याहारी करून द्रुतगती मार्गाने निघावे. पार्क सकाळी फार लवकर उघडत नाही, त्यामुळे पुण्याहून निघूनही तुम्ही वेळेवर पोहोचाल.

दिवसांचा क्रम बहुतेक जण उलटा लावतात. थीम पार्क आधी आणि वॉटर पार्क नंतर केला की ओले कपडे पिशवीत कोंबून, केस ओले असलेल्या मुलांना घेऊन कोल्हापूरपर्यंतचा प्रवास करावा लागतो. वॉटर पार्क पहिल्या दिवशी ठेवा. संध्याकाळी चार पावलांवर खोली आहे, मुलांना गरम पाण्याने अंघोळ घालता येईल, पोहण्याचे कपडे रात्रभर वाळतील आणि दुसऱ्या दिवशी थीम पार्क पाहून तुम्ही कोरड्या कपड्यांनिशी परतीला लागाल. वॉटर पार्कमध्ये सुती कपडे चालत नाहीत. नायलॉनचे पोहण्याचे कपडे घरूनच न्यावेत, म्हणजे तेथे भाड्याने घेण्याचा खर्च वाचेल.